सैनिकाचे दात आणि डेंटिस्टची फी : एका लष्करी शिष्यवृत्तीचा इतिहास



१८५७ च्या काडतुसांची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत वाचली आहे. चरबी लावलेली काडतुसं दाताने तोडावी लागणार म्हणून शिपायांमध्ये असंतोष पसरला, हे वाक्य अजून पाठ असेल. त्यातल्या चरबीबद्दल आपण खूप बोलतो. ‘दाताने’ हा शब्द मात्र नजरेतून सुटतो. तेव्हाच्या बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडाकडून भरायची असे. दोन्ही एका कागदी पुडीत यायचं. एका हातात बंदूक धरलेली असायची, म्हणून पुडीचं टोक दाताने फोडायचं. समोरचे वरचे आणि खालचे दात एकमेकांवर बसत नसतील तर तो माणूस शिपाई म्हणून फारसा उपयोगाचा नाही. त्याच सुमारास, १८६१ ते १८६५ या काळात, अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिथेही पुढचे दात नसणं हे भरती नाकारण्याचं एक कारण होतं.

एरवी या ब्लॉगवर आपण बीपी, शुगर, थायरॉईड यांच्याबद्दल बोलतो. आज दात आणि तेही सैन्यातले, याला कारण आहे. माझ्या काही पेशंटांची मुलं-नातवंडं अमेरिकेत वाढली आहेत. त्यांच्यापैकी दोघा-तिघांनी गेल्या काही वर्षांत मला जवळजवळ एकच प्रश्न विचारला : “डॉक्टर, नातीला तिकडे डेंटलला ॲडमिशन मिळतेय. फी ऐकून घरात कुणाला झोप नाही. आता म्हणते, आर्मी सगळी फी भरणार. यात काही फसवणूक तर नाही ना?”

फसवणूक नाही. फुकटही नाही. ही शिष्यवृत्ती आज ज्या रूपात आहे त्या रूपात का आली, हे कळलं तर सही करायची की नाही हे ठरवणं सोपं जातं. त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

दातदुखी आणि लढाई

यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याकडे अधिकृत दंतवैद्यच नव्हते. दक्षिणेकडे अटलांटा शहरात जेम्स बॅक्स्टर बीन नावाचा दंतवैद्य होता. गोळीने जबडा फुटलेले सैनिक त्याच्याकडे येऊ लागले. त्याने कडक रबराचा, दातांच्या ठशावर बेतलेला साचा केला आणि जबड्याचे तुकडे त्यात नीट बसवून जोडू लागला. न्यूयॉर्कमध्ये टॉमस गनिंग अशाच पद्धतीने काम करत होता. १८६५ साली अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री विल्यम सेवर्ड घोडागाडीच्या अपघातात पडले आणि त्यांचा जबडा मोडला. तो गनिंगनेच बसवला. ‘गनिंग स्प्लिंट’ हे नाव आजही जबड्याच्या शस्त्रक्रियेच्या पुस्तकात सापडतं. म्हणजे दंतवैद्य केवळ दात उपटणारा नाही, हे तेव्हाच दिसलं होतं. पण युद्ध संपलं आणि सैन्य ते विसरलं.

पुढचा धडा इंग्रजांना मिळाला, दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धात. सैनिकांना मिळायची दगडासारखी बिस्किटं. किडलेल्या दातांनी ती चावणार कशी? खाता येईना म्हणून माणसं अशक्त झाली आणि बरीच माघारी पाठवावी लागली. लंडनच्या गाईज हॉस्पिटलचे फ्रेडरिक न्यूलँड-पेडली हे दंतवैद्य १९०० साली चक्क पदरमोड करून तिकडे गेले. सरकारला जे सुचलं नाही ते एका माणसाने स्वतःच्या खिशातून केलं. असं जिथे जिथे होतं, तिथे समजावं की व्यवस्था अजून तयार झालेली नाही.

अमेरिकेने २ फेब्रुवारी १९०१ च्या कायद्याने सैन्यासाठी ३० दंतवैद्य घेतले, पण कंत्राटावर. हुद्दा नाही, अधिकार नाही. त्यांच्या निवडीचं काम डॉ. जॉन सेअर मार्शल यांच्याकडे होतं. ते तरुणपणी यादवी युद्धात लढलेले होते. त्यांनी पुढची दहा वर्षं एकच गोष्ट लावून धरली : दंतवैद्याला अधिकाऱ्याचा हुद्दा द्या. ३ मार्च १९११ रोजी आर्मी डेंटल कोअर स्थापन झाली तेव्हा तो मिळाला. तोही फर्स्ट लेफ्टनंटपर्यंतच. १९१२ मध्ये नौदलाने आपली वेगळी डेंटल कोअर उभी केली.

हुद्द्याचा एवढा आग्रह कशाला, असं वाटेल. हॉस्पिटलमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा. ज्याच्या शब्दाला वजन नाही, त्याने “या माणसाला आठ दिवस ड्युटी देऊ नका” असं लिहिलेलं कोण वाचतो?

तारेच्या कारखान्यातला मुलगा

पहिल्या महायुद्धात खंदकांची लढाई झाली. खंदकातून डोकं वर काढलं की गोळी चेहऱ्यावर. शिवाय अपुरी झोप, ताण, तंबाखू, तोंड धुवायला पाणी नाही. यातून हिरड्या सडून रक्त येण्याचा जो आजार पसरला त्याला ‘ट्रेंच माउथ’ म्हणजे खंदकाचं तोंड असं नावच पडलं. हा आजार मी आजही अधूनमधून बघतो. परीक्षेच्या दिवसांत जागरणं आणि सिगरेटी करणाऱ्या मुलांत.

या युद्धातला मला सर्वांत आवडणारा माणूस म्हणजे वराझताद कझानजियन. तुर्कस्तानातून अमेरिकेत आलेला हा आर्मेनियन मुलगा. मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर गावात तारेच्या कारखान्यात काम करून शिकला आणि १९०५ साली हार्वर्डमधून दंतवैद्य झाला. १९१५ मध्ये हार्वर्डच्या पथकाबरोबर तो फ्रान्सला गेला, इंग्रजांच्या लष्करी हॉस्पिटलमध्ये. तारेशी खेळलेले हात तिथे कामी आले. जबड्याचे तुकडे तारांनी आणि साच्यांनी जागेवर धरायचे, मग त्यावर मांस आणि कातडी शिवायची. तीन हजारांहून जास्त जखमींवर त्याने उपचार केले असं सांगितलं जातं. लोक त्याला पश्चिम आघाडीवरचा जादूगार म्हणत. परत आल्यावर तो पुन्हा विद्यार्थी झाला, १९२१ मध्ये एमडी मिळवली आणि १९४१ मध्ये हार्वर्डचा प्लास्टिक सर्जरीचा पहिला प्राध्यापक झाला.

कझानजियनची गोष्ट सांगायचं कारण असं : दंतवैद्यक महाविद्यालयात त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. जखमींनीच त्याला शिकवलं. चेहऱ्यावर गोळी लागलेल्याला उताणं झोपवलं तर जीभ आणि रक्त मागे जाऊन तो गुदमरतो, त्याला बसवून पुढे वाकवायचं, इतकी साधी गोष्टसुद्धा त्या युद्धात अनेक माणसं गमावल्यावर कळली. पदवीनंतर आणखी काहीतरी शिकावं लागतं आणि ते लढाई सुरू व्हायच्या आधी शिकलेलं असावं, हे सैन्याला इथे उमगलं. १९२३ मध्ये अमेरिकी नौदलाने वॉशिंग्टनमध्ये स्वतःची डेंटल स्कूल काढली. ती पदवी देण्यासाठी नव्हती, आधीच दंतवैद्य असलेल्या अधिकाऱ्यांना पुढचं शिकवण्यासाठी होती. आजच्या लष्करी रेसिडेन्सीचं मूळ इथे आहे.

बारा दात

१९४० मध्ये अमेरिकेने सक्तीची भरती सुरू केली. दातांची अट फार कडक नव्हती. वर तीन आणि खाली तीन एकमेकांवर बसणारे पुढचे दात, आणि तसेच वर तीन, खाली तीन चावायचे दात. एकूण बारा. आपल्या तोंडात बत्तीस असतात. तरीही पहिल्या तपासण्यांत नाकारलेल्या तरुणांपैकी साधारण पाचवा हिस्सा केवळ दातांमुळे बाद झाला. कारणांच्या यादीत दात पहिल्या क्रमांकावर होते. मंदीची दहा वर्षं गेली होती. डेंटिस्टकडे जायला पैसे कुणाकडे होते? विशी-बाविशीतल्या मुलांचे बारा दातसुद्धा शाबूत नव्हते.

१९४२ मध्ये सैन्याने अट जवळपास सोडून दिली. दात नसलेले या, आम्ही कवळी करून देतो. मग कवळ्या करणार कोण? युद्धाआधी काहीशे असलेली आर्मी डेंटल कोअर १५ हजारांच्या घरात गेली. एवढ्यांची सोय केवळ खासगी दवाखाने रिकामे करून होणार नव्हती, पुढच्या तुकड्याही हव्या होत्या. म्हणून १९४३ मध्ये आर्मीने आणि नौदलाने विद्यार्थ्यांनाच गणवेश चढवला. कॉलेज तेच, प्राध्यापक तेच. पण विद्यार्थी आता शिपाई. फी सरकार भरणार, वर शिपायाचा पगार. सुट्ट्या रद्द करून चार वर्षांचा अभ्यासक्रम तीन वर्षांत बसवला.

मोठ्या प्रमाणावर झालेली ही पहिली लष्करी डेंटल शिष्यवृत्ती म्हणता येईल. आणि तिची वाट लागली, ती कशी हे जरा थांबून बघण्यासारखं आहे.

१९४४ मध्ये आर्मीला वाटलं, दंतवैद्य पुरेसे झाले. डेंटल विद्यार्थ्यांचा कार्यक्रम गुंडाळला. पोरांना सांगितलं, गणवेश काढा, उरलेलं शिक्षण आपापलं पूर्ण करा. त्यातले बरेच जण पदवी घेऊन थेट स्वतःच्या दवाखान्यात बसले. लष्करात त्यांनी जेमतेम काही दिवस काढले, किंवा एकही नाही. त्यांनी काही लबाडी केली नव्हती. सरकारनेच त्यांना सोडलं होतं. पण तिकडे चाळिशीतले, बायकामुलं मागे ठेवून गेलेले डेंटिस्ट अजून परदेशात कवळ्या घासत बसलेले. त्यांना काय वाटलं असेल याची कल्पना करा.

मग २५ जून १९५० रोजी कोरियात युद्ध पेटलं. सैन्याला पुन्हा डॉक्टर आणि डेंटिस्ट हवे झाले, आणि स्वखुशीने कुणी येईना. ९ सप्टेंबर १९५० रोजी खास डॉक्टर, डेंटिस्ट आणि पशुवैद्य यांच्यासाठी सक्तीच्या भरतीचा कायदा आला. त्यात बोलावण्याचा क्रम ठरवून दिला होता. पहिला नंबर कुणाचा? ज्यांनी आधीच्या युद्धात सरकारी पैशाने शिक्षण घेतलं, किंवा शिक्षणासाठी भरतीतून सवलत घेतली, आणि ९० दिवसांपेक्षा कमी सेवा केली. त्यानंतर अशाच लोकांपैकी ज्यांची सेवा ९० दिवसांपेक्षा जास्त पण २१ महिन्यांपेक्षा कमी होती. मग ज्यांनी कधीच सेवा केली नव्हती ते. आधी लढून आलेले सर्वांत शेवटी.

म्हणजे १९४४ ला “जा, तुमची गरज नाही” म्हणून सोडलेल्या मुलाला सहा वर्षांनी पत्र आलं. आता त्याचा दवाखाना थाटलेला, डेंटल चेअरचे हप्ते चालू, घरात तान्हं मूल. बहुतेकांनी शहाणपण केलं आणि सक्तीचं बोलावणं यायच्या आत स्वतःहून अर्ज करून अधिकाऱ्याचा हुद्दा घेतला. ‘मॅश’ नावाचा जुना सिनेमा पाहिला असेल तर कोरियातल्या तंबूतले ते वैतागलेले डॉक्टर आठवतील. त्यात एक डेंटिस्टही आहे. ती सगळी मंडळी या कायद्याच्या जमान्यातली.

हे बरोबर होतं का? मला विचाराल तर क्रम न्याय्य होता. ज्याचं शिक्षण लोकांच्या पैशातून झालं त्याने, दोनदा लढून आलेल्याच्या आधी, जायलाच हवं. चूक निराळी होती. देणं किती, कधी फेडायचं, न फेडलं तर काय, हे विशीतल्या मुलाशी आधी ठरवलं नाही आणि सहा वर्षांनी कायदा करून वसूल केलं. उधारीच्या वहीत आकडाच न लिहिणाऱ्या दुकानदारासारखं हे झालं. भांडण होणार हे ठरलेलं.

आकडा आधी लिहून ठेवला

१९५४ मध्ये संरक्षण खात्यातले सर्जन फ्रँक बेरी यांनी डॉक्टरांसाठी एक तोडगा काढला, तो ‘बेरी प्लॅन’ म्हणून ओळखला जातो. इंटर्नशिपनंतर लगेच सैन्यात या, रेसिडेन्सीचं एक वर्ष करून या, किंवा पूर्ण तज्ज्ञ होऊन या. कधी यायचं ते सांगा, येणार हे मात्र नक्की. व्हिएतनाम युद्ध होईपर्यंत याच्यावर चाललं. पण या सगळ्याच्या मागे सक्तीच्या भरतीचा दांडका होता. १९७३ मध्ये सक्तीची भरती संपली. दांडका गेल्यावर डॉक्टर आणायचे कुठून?

याचं उत्तर एक वर्ष आधीच तयार करून ठेवलं होतं. २१ सप्टेंबर १९७२ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी एका कायद्यावर सही केली. लुईझियानाचे खासदार एडवर्ड हेबर यांनी अनेक वर्षं त्याचा पाठपुरावा केला होता. या कायद्याने दोन गोष्टी झाल्या. एक, लष्कराचं स्वतःचं वैद्यकीय विद्यापीठ. दुसरी, हेल्थ प्रोफेशन्स स्कॉलरशिप प्रोग्राम. म्हणजे तुम्ही कुठल्याही मान्यताप्राप्त सिव्हिलियन कॉलेजात शिका, खर्च सैन्य करेल. त्या विद्यापीठात डेंटलची मूळ पदवी नाही, त्यामुळे डेंटलच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती हाच मुख्य रस्ता राहिला.

तिचं स्वरूप आजही बरंचसं तेच आहे. ट्यूशन फी, पुस्तकं आणि साहित्याचा खर्च, वर दरमहा दोन हजार डॉलरपेक्षा जास्त भत्ता. शिकताना विद्यार्थी राखीव दलातला सगळ्यात कनिष्ठ अधिकारी असतो आणि दरवर्षी ४५ दिवस लष्करी प्रशिक्षणासाठी देतो. पास झाला की आर्मीत किंवा हवाई दलात थेट कॅप्टन. आणि परतफेड साधारण वर्षाला वर्ष : चार वर्षं फी भरली, तर चार वर्षं पूर्णवेळ सेवा. कमी वर्षांची शिष्यवृत्ती घेतली तरी सेवेची किमान मुदत असतेच. अर्जदार अमेरिकेचा नागरिक असावा लागतो. ग्रीन कार्ड चालत नाही, विद्यार्थी व्हिसाचा तर प्रश्नच नाही.

रकमेचा अंदाज यावा म्हणून सांगतो. तिकडे आधी कॉलेजची चार वर्षं आणि मग डेंटलची चार. कर्ज काढून शिकलेला सर्वसाधारण डेंटिस्ट पदवी घेतो तेव्हा त्याच्या डोक्यावर तीन लाख डॉलरच्या आसपास बोजा असतो. त्यापुढे चार वर्षं म्हणजे काहीच नाही, असं घरच्यांना वाटतं. वाटू द्या, पण करारातल्या दोन गोष्टी त्यांना समजावून सांगा.

पहिली : हा आपल्याकडच्यासारखा बाँड नव्हे. महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्याला एक वर्षाची सेवा असते, आणि पूर्वी दंड भरून मोकळं व्हायची वाटही असायची. ज्याच्या वडिलांकडे पैसे असत तो दंड भरायचा, ज्याच्याकडे नसत तो प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचा. मला ती व्यवस्था कधीच पटली नाही, कारण त्यात सेवेची किंमत व्हायची आणि गरज तशीच राहायची. अमेरिकी शिष्यवृत्तीत “पैसे घ्या आणि सोडा” म्हणायचा हक्क विद्यार्थ्याला नसतो. त्याने हुद्दा स्वीकारलेला असतो, शपथ घेतलेली असते. पैसे परत घ्यायचे की दुसऱ्या कामाला लावायचं हे सैन्य ठरवतं. शिवाय पूर्णवेळ सेवेची वर्षं संपली तरी एकूण आठ वर्षांची लष्करी बांधिलकी असते. उरलेला काळ नाव राखीव यादीत राहतं, आणि युद्ध झालं तर बोलावणं येऊ शकतं. १९५० चा धडा इथे दिसतो. तेव्हा जे नंतर लादलं, ते आता आधी लिहिलेलं आहे.

दुसरी गोष्ट रेसिडेन्सीची, आणि तिच्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

पदवीनंतर काय?

अमेरिकेत एमडी झालेल्याला रेसिडेन्सीशिवाय स्वतंत्र प्रॅक्टिस करता येत नाही. डेंटिस्टचं तसं नाही. बहुतेक राज्यांत पदवी आणि लायसन्स मिळालं की तो खुर्चीपाशी उभा राहू शकतो. न्यूयॉर्कसारखं एखादं राज्यच एक वर्षाची रेसिडेन्सी सक्तीची करतं. म्हणून लष्करात शिष्यवृत्तीवरचा बहुतेक नवा डेंटिस्ट थेट छावणीच्या दवाखान्यात जातो. काहींना जनरल डेंटिस्ट्रीची एक वर्षाची प्रगत रेसिडेन्सी मिळते. तिच्यासाठी निवड होते, ती आपोआप मिळत नाही. ती मिळाली तर जरूर घ्यावी असं माझं मत आहे. पहिल्या वर्षी शेजारी कुणीतरी अनुभवी माणूस उभा असणं म्हणजे काय, हे आम्ही डॉक्टर लोक जाणतो. पेशंटच्या दृष्टीनेही ते चांगलंच.

त्यापुढचं स्पेशलायझेशन, म्हणजे रूट कॅनॉलचा तज्ज्ञ, हिरड्यांचा तज्ज्ञ, जबड्याचा सर्जन, यासाठी सहसा काही वर्षं सेवा झाल्यावर अर्ज करायचा. जबड्याच्या सर्जनला चार वर्षं लागतात, सोबत एमडी करायची तर सहा. लष्कराची स्वतःची मोठी केंद्रं आहेत. नौदलाचं बेथेस्डाला, हवाई दलाचं टेक्सासमध्ये लॅकलँडला. दरवर्षी कुठल्या विषयाच्या किती जागा हे लष्कराच्या गरजेवर ठरतं, उमेदवाराच्या आवडीवर नाही. दात सरळ करणाऱ्या ऑर्थोडाँटिस्टची युद्धात किती गरज पडणार? मुलीला तेच व्हायचं असेल तर सही करायच्या आधी हे तिला कळायला हवं.

हिशोब असा : रेसिडेन्सीची वर्षं शिष्यवृत्तीच्या देण्यातून वजा होत नाहीत, आणि स्पेशलायझेशन घेतलं की त्याचं म्हणून वेगळं बंधन लागू होतं. “चार वर्षांत मोकळी होईल” असं समजून बसलेल्या आईवडिलांना मुलगी दहा वर्षांनीही गणवेशात दिसते, ती त्यामुळेच. यात लपवाछपवी काही नाही, कागदावर सगळं असतं. कागद वाचायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो, एवढंच.

पण या व्यवहाराची दुसरी बाजूही सांगायला हवी. सिव्हिलियन जगात डेंटलच्या अनेक रेसिडेन्सींना पुन्हा फी भरावी लागते. लष्करातला रेसिडेंट अधिकाऱ्याचा पूर्ण पगार घेत शिकतो. माझ्या मते या योजनेचा खरा लाभ कॉलेजच्या फीपेक्षा या दुसऱ्या टप्प्यात जास्त आहे. फीसाठी आत आलेली माणसं शिक्षणासाठी थांबतात, आणि सैन्यालाही तेच हवं असतं. चार वर्षांचा कॅप्टन बदलता येतो. पंधरा वर्षांचा अनुभवी जबड्याचा सर्जन बाजारात मिळत नाही.

सैन्य एवढा खर्च का करतं?

काडतूस दाताने तोडायचे दिवस केव्हाच गेले. तरीही अमेरिकी सैन्य प्रत्येक सैनिकाचे दात दरवर्षी तपासतं आणि त्याला चार वर्गांपैकी एकात टाकतं. पहिला वर्ग म्हणजे काही करायची गरज नाही. दुसरा म्हणजे उपचार हवेत, पण पुढच्या बारा महिन्यांत इमर्जन्सी येण्याची शक्यता नाही. तिसरा म्हणजे बारा महिन्यांत इमर्जन्सी येण्याचा संभव. चौथा म्हणजे तपासणीच राहिलेली आहे. तिसऱ्या-चौथ्या वर्गातल्याला आधी दवाखान्यात पाठवतात, मग मोहिमेवर. डोंगरात अडकलेल्या तुकडीत एकाचा जबडा सुजला, ताप चढला, तर त्याला उचलून आणायला हेलिकॉप्टर आणि चार माणसांचा जीव पणाला लागतो.

मला ही वर्गवारी फार आवडते, विशेषतः चौथा वर्ग. “माझे दात दुखत नाहीत” असं सांगणारा माणूस सैन्याच्या हिशोबात पहिल्या वर्गात बसत नाही. तपासणी झाली नसेल तर तो चौथ्यात. माझ्याकडे येणारे मधुमेहाचे निम्मे पेशंट बहुधा याच चौथ्या वर्गात असावेत. शुगर काही केल्या आटोक्यात येत नाही, गोळ्या वाढवून झाल्या, आणि तोंड उघडायला लावलं तर हिरड्यांतून पू. हिरड्यांचा जंतुसंसर्ग शुगर वाढवतो आणि वाढलेली शुगर हिरड्या खाते. अशा वेळी मी नवी गोळी लिहायच्या आधी डेंटिस्टला चिठ्ठी लिहितो.

आणि आपल्याकडे?

भारतीय सैन्याची डेंटल कोअर दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली उभी राहिली. पुण्याचं आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज १९४८ चं. तिथे एमबीबीएसची मुलं सैन्याच्या खर्चाने शिकतात आणि त्याबदल्यात सेवा देतात, हे तुम्हाला माहीत असेल. पण तिथे बीडीएस नाही. त्यामुळे बारावीनंतर सैन्याच्या पैशाने डेंटिस्ट व्हायचं, अशी अमेरिकेसारखी सोय आपल्याकडे नाही. इथे क्रम उलटा आहे. बीडीएस स्वतःच्या खर्चाने करायचं, इंटर्नशिप पूर्ण करायची, नीट एमडीएसची परीक्षा द्यायची, आणि त्या गुणांवर मुलाखतीतून डेंटल कोअरमध्ये शॉर्ट सर्व्हिस कमिशन मिळवायचं. त्यानंतर सेवेतल्या अधिकाऱ्यांना पुण्याच्या त्याच कॉलेजात एमडीएस करायची संधी असते.

पुतणी, भाची बीडीएसच्या शेवटच्या वर्षाला असेल तर हा रस्ता तिला सांगून ठेवा. जागा थोड्या असतात आणि जाहिरात येऊन कधी गेली ते कळतही नाही, म्हणून सैन्यभरतीच्या अधिकृत संकेतस्थळावर लक्ष ठेवायला सांगा. एजंटला एक रुपयाही देऊ नका.